सहावा ओरखडा

आधी नुसतं ऐक मार्ली, मध्ये बोलू नकोस. आमच्याकडे काडतुसाची रिकामी पुंगळी परत भरली की डॅड तिच्या बुडाला एक ओरखडा काढतो. पाच झाले की ती भंगारात. सहाव्यांदा भरली तर बंदुकीतच फाटून तोंडावर यायची.

परवा मी एक सहाव्यांदा भरली. पितळ मिळतंय कुठे हल्ली! ओरखडा काढताना हात घसरला आणि तो शेपटीसारखा वाकडा गेला.

आज सकाळी मी चांदमारीवर, नेमबाजीच्या मैदानात, पुंगळ्या वेचून निवडत होते. कालपासून तिथे कुणी फिरकलं नव्हतं. तरी एक पुंगळी हाताला गरम लागली. उभी फाटलेली. बुडाला सहा ओरखडे, सहावा शेपटीसारखा.

मी धावत घरी आले. डॅड एल्कच्या शिकारीला निघतच होता. मी भरून ठेवलेला त्याचा काडतुसांचा डबा उघडला, तर वीसच्या वीस जागेवर. आणि त्यातल्या एकावर तोच वाकडा ओरखडा! न उडालेलं, अख्खं. मी ते गुपचूप खिशात घातलं.

संध्याकाळी डॅड शीळ घालत परतला. "काय गं टेसा, एकोणीसच? शाळेत वीसपर्यंत शिकवत नाहीत वाटतं?"

मी त्याला घट्ट मिठीच मारली.

"अगं, बरगड्या मोडशील!"

जिवात जीव आला बघ. काडतूस नदीत फेकलं. फाटकी पुंगळी मात्र ही बघ, हात लाव. अजून गरम आहे ना?

तू काय केलं असतंस गं हिचं?