एक हंडा गोडं पाणी

बाहत्तरच्या दुष्काळात मालवणचे मयेकर बार्शीजवळच्या एका गावात एकटेच येऊन राहिले होते. गावची विहीर खारट. त्या पाण्यात समुद्रातले मासे वाढतील का, हे त्यांना सरकारसाठी बघायचं होतं. विहिरीचं पाणी भरून त्यांनी लहानशा सिमेंटच्या टाकीत दोनशे पिल्लं सोडली. गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दिवसाकाठी बोलायला यायची ती फक्त शेजारची बजाबाई. तिचा एकुलता एक लेक दोन वर्षांमागं कामासाठी समुद्राकडं गेला, त्याचं पत्र नव्हतं.

महिन्याभरात पिल्लं मरायला लागली. मेलेली पिल्लं मयेकर गुपचूप काढून टाकायचे. त्यांनी खाणं बदललं, टाकीवर सावली केली. मीठ मोजायचं यंत्र अजून वरून यायचंच होतं. एवढ्या उन्हात टाकी मात्र काठोकाठ भरून सांडत असे. एका भल्या पहाटे शेवटचं पिल्लू हातात घेऊन त्यांनी टाकीतलं पाणी जिभेवर टेकवलं. ते गोड लागलं.

तेवढ्यात बजाबाई आली आणि हंडा टाकीत रिकामा करू लागली.

"हे काय करताय, बजाबाई?"

"रोजचंच की, सायेब, तुमी उटायच्या आदी. टँकरचं दोन हंडं मिळत्यात, त्यातला एक ह्यांना. परमुलखात आल्याली लेकरं, खारं पानी किती दिस पितील? माज्या पोराला बी तितं कुनीतरी गोडं पानी देत आसंल की."

 

मयेकरांनी मेलेलं पिल्लू मुठीत झाकलं आणि ते म्हणाले, "देत असेल, बजाबाई."