तिसऱ्या रविवारची हरकत

"तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये कुणीतरी उभं राहिलं, बाळे. नाहीतर तुला बाप असता."

आईचा हा आवाज सात वर्षांची असल्यापासून एनिडच्या कानात होता, जात्यात खडा अडकावा तसा. आता ती पन्नाशीला आली होती, आणि गाडी लीड्स सोडून उत्तरेच्या डोंगरांत शिरली होती.

लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये पुकारतात, कुणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगावी म्हणून. आपलीच पुकार ऐकली तर पोर बहिरं निपजतं, म्हणून आई त्या दिवशी घरी बसली होती, पोटात एनिडला घेऊन. तिकडे कुणीतरी हरकत घेतली. नवरा मुलगा संध्याकाळच्या गाडीनं पसार झाला. आई खंगत खंगत गेली, पण हरकत घेणाऱ्याचं नाव तिनं ओठांबाहेर काढलं नाही.

पाद्र्याच्या वहीत मात्र ते नाव असणार. आज एनिड ती वही उघडायला लावणार होती.

समोर हेटीमावशी उकडलेलं अंडं सोलत बसली होती. आईची धाकटी बहीण. स्वतः लग्न न करता हिनंच एनिडला वाढवलं. काही कमी पडू दिलं नाही. फक्त बोलायची ती नेहमी एनिडच्या हनुवटीकडे बघून.

"तो हरकत घेणारा सापडला आणि जिवंत असला, तर गं?" मावशीनं विचारलं.

"तर दारात उभी राहून तोंडावर थुंकेन."

"आणि मेला असला तर?"

"थडग्यावर."

"या वाऱ्यात? तुझ्याच कोटावर उलटून येईल, बये."

एनिड हसली नाही. "इतकी वर्षं ही थुंकी धरून ठेवलीय, मावशी. वाया नाही जाऊ देणार."

गाडी बोगद्याबाहेर आली. खाली दरीत चर्चचा बुटका मनोरा दिसला. मावशीनं अर्धं सोललेलं अंडं कागदावर ठेवलं.

"ती वही उघडू नकोस, एनिड. तिथं माझं नाव आहे. तुझ्या बापानं लग्नाचं वचन आधी मला दिलं होतं."

एनिडनं विचारलं, "आईला ठाऊक होतं? तरी तिनं मला तुझ्याकडे दिलं?"

मावशीनं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तरी नव्हे, म्हणूनच. तुझा हात माझ्या हातात देऊन म्हणाली, 'हिचे डोळे त्याचेच आहेत, हेटी. आता बघत बस जन्मभर.'"