एल्गुजाचा चेंडू

“थडग्यात माणूस तरी आहे का तुमच्या?” वरच्या गावच्या ओतारने बाह्या सरसावत विचारलं. “चेंडू काय बुटांना वाहणार?”

खालच्या गावचा बाद्री त्याच्या अंगावर धावलाच असता, पण मध्ये पाद्रीबाबा चेंडू घेऊन उभे होते.

ओतार नको ते बोलला होता. बाद्रीचा जिवलग दोस्त एल्गुजा मासेमारीच्या बोटीवर असायचा. नोव्हेंबरच्या वादळात बोट बुडाली. समुद्राने काहीच परत दिलं नाही, तेव्हा त्याच्या आईने, दारेजानने, त्याचे खेळायचे बूट पुरले आणि वर दगड उभारला. अख्खं खालचं गाव त्या दिवशी रडलं.

हा खेळ दर ईस्टरला होतो. चेंडू कसला, धोंडाच तो. चामड्यात माती ठासायची आणि वरून वाइन ओतायची. मैदानाला हद्द नाही, माणसांची मोजदाद नाही. चेंडू आपल्या ओढ्यापार नेला की जिंकलो. मग तो आपल्याकडे त्या वर्षी गेलेल्या माणसाच्या थडग्यावर ठेवायचा. आमच्या जॉर्जियाच्या या कोपऱ्यात याहून मोठा मान नाही. गेली काही वर्षं तो मान वरचं गावच पळवत होतं.

“त्याला कुणाचा खांदाही मिळाला नाही रे,” दारेजान सकाळी बाद्रीला म्हणाली होती. “चेंडू तरी येऊ दे.”

“आणतो, काकू.”

बोलून तर बसला होता.

चेंडू हवेत उडाला आणि दोन्ही गावं एकमेकांच्या उरावर बसली. कालच्या पावसाने रस्त्याचा नुसता राडा झाला होता. थोड्याच वेळात बापाने पोराला ओळखू नये अशी सगळ्यांची तोंडं झाली. दुपारपर्यंत वरच्यांनी चेंडू शाळेपर्यंत रेटत नेला. त्यांचा ओढा दिसायला लागला.

तेवढ्यात बातुमी बंदराहून येणारी बस गर्दीपुढे थांबली. सणाला गावी आलेली मंडळी उतरली. कुणी घराकडे गेलं, कुणी पिशव्या कुंपणावर टाकून तसंच खेळात घुसलं. खालच्यांना जरा दम आला. पण ओतारने चेंडू पोटाशी असा धरला होता की तो सुटेचना. बाद्री ढिगाच्या तळाशी पालथा पडला होता. थोड्या वेळाने त्याच्या नाकासमोर दोन अनवाणी पाय येऊन रुतले.

“अरे, बूट कुठेत तुझे? पाय चेचतील!” बाद्री ओरडला.

“घरी सापडेनात!” वरून घोगरा आवाज आला.

“बायकोने लपवले वाटतं!” कुणीतरी म्हणालं.

त्या चेंगराचेंगरीतही लोक हसले. ओतारही हसला, आणि तेवढ्यात त्याची पकड ढिली झाली. अनवाणी गड्याने चेंडू हिसकला, खांद्यावर टाकला आणि तो सुटला. बाद्री आणि बाकीचे त्याला दोन्ही बाजूंनी कडं करून धावले. कुंपण मोडलं, कुणाचा तरी द्राक्षमांडव आडवा झाला, बायका खिडक्यांतून किंचाळत होत्या. सगळे धपकन ओढ्याच्या चिखलात पडले आणि पलीकडच्या काठावर निघाले.

जिंकलं! खालचं गाव जिंकलं!

चर्चची घंटा वाजू लागली. “एल्गुजा! एल्गुजा!” असा गजर झाला. अनवाणी गडी त्यावर हात हलवून हसत होता. बाद्रीला वाटलं, याने बसमध्येच बाटली उघडलेली दिसते. कुणाचा तरी जावई असणार. असू दे, आजचा दिवस त्याचाच.

ओतार टोपी काढून पुढे आला. “बाद्री, जीभ घसरली माझी. मी पण येतो थडग्यावर.”

“चल.”

दारेजान दगडापाशी ईस्टरची लाल अंडी आणि वाइनची सुरई घेऊन बसली होती. गर्दीने बाद्रीला वाट दिली. बाद्रीने चेंडू थडग्यावर ठेवला, तेव्हा तो लहान पोरासारखा रडत होता. म्हातारीने चेंडूवरून हात फिरवला आणि त्यावर वाइन ओतली.

“आला ग बाई,” ती म्हणाली. “आला एकदाचा.”

गर्दीतून वाट काढत अनवाणी गडी पुढे आला. त्याने दगडावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. दाढीवरचा चिखल बाहीने पुसला आणि तो म्हातारीसमोर उकिडवा बसला.

“आई,” तो म्हणाला, “घरभर शोधले ग. माझे बूट कुठे ठेवलेस?”