कोपराची खूण

क्लबच्या दारातच एका मुलीनं कप्तानाच्या शर्टाला बिल्ला टोचला. बिल्ल्यावर कप्तानाचाच फोटो होता, सायकलवरचा, भरल्या गालांचा. "याच्यासाठी चाललंय हे सगळं," तिनं व्हीलचेअरमधल्या कप्तानालाच समजावून सांगितलं. "फार आजारी आहे बिचारा." खुर्ची ढकलणारी त्याची ताई काही बोलणार, तोच कप्तानानं तिच्या हातावर थोपटलं. त्याला हसू आवरत नव्हतं आणि हसलं की पोटात कळ येत होती.

हॉल गच्च भरला होता. मधोमध चौथऱ्यावर, स्टँडला जखडलेल्या सायकलवर शेपूट पहाटेपासून पेडल मारत होता. रात्री भोंगा वाजेपर्यंत तो थांबणार नव्हता, त्यावर कप्तानाच्या उपचारासाठी देणग्या जमत होत्या. हे नाव संघातल्या पोरांनी ठेवलेलं. प्रत्येक शर्यतीत तो कप्तानाच्या मागच्या चाकाला चिकटून असायचा, म्हणून. कप्तानानं वारा अंगावर घ्यायचा, यानं त्याच्या आडोशानं दम राखायचा. कप्तान थकला की त्यानं कोपर हलवायचं आणि यानं पुढं यायचं. शर्यतीत दोघांना तोंड उघडायची वेळ कधी आलीच नाही.

दुखण्यावरची दुपारची गोळी कप्तानानं आज घेतली नव्हती. ती घेतली की त्याला गुंगी यायची आणि समोरचं माणूस धड ओळखू यायचं नाही. ज्या इंजेक्शनांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती आता द्यायची नाहीत असं डॉक्टरांनी सकाळी स्वच्छ सांगितलं होतं. घरी न्या म्हणाले. त्यावर कप्तानानं एकच हट्ट धरला. शुद्धीत असेपर्यंत शेपटाशी निवांत बोलायचं. सरावापायी शेपूट कित्येक आठवडे कप्तानाच्या घराकडं फिरकलाच नव्हता. निरोप तेवढे यायचे. कप्तान, तुझ्यासाठीच चाललंय.

ताईनं खुर्ची थेट सायकलशेजारी नेली. शेपटानं पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. एवढ्या गोंगाटात कप्तानाचा आवाज कुठला पोचायला? त्यानं कोपर हलवलं. ये, खाली ये.

शेपटानं मान खाली घातली आणि वेग वाढवला. कोपर हललं म्हणजे पुढं यायचं, दुसरा अर्थ त्याला ठाऊकच नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा, बघा!" कोच माइकवरून ओरडला. "कप्तान आला आणि पायांत बळ आलं!" ताईला तो माइक हिसकावून घ्यावासा वाटला.

कप्तान कसाबसा पुढं झुकला आणि त्यानं हँडलची मूठ धरली. "अरे गाढवा, उतर म्हणतोय मी."

"थोडंच राहिलंय, कप्तान."

"माझंही थोडंच राहिलंय. इंजेक्शनं रद्द झाली सकाळी. आता कशाला जीव काढतोस? चल घरी. बसू जरा."

शेपटाला ऐकू आलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले, पण पाय थांबले नाहीत. डोळ्यांतलं पाणी घामात मिसळून हनुवटीवरून टपकत होतं, आणि लोकांना तो सगळा घामच वाटत होता. थांबलो तर हे खरं होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"डॉक्टर काय, काहीही बोलतात," तो धापा टाकत म्हणाला. "पैसे जमू देत, दुसरा गाठू. तू बस इथं. मी आलोच."

"मला भीती वाटतेय रे," कप्तान म्हणाला. हे त्यानं ताईलाही सांगितलं नव्हतं.

"घाबरतोस कशाला? मी आहे ना!" शेपूट म्हणाला आणि त्यानं गिअर चढवला.

कप्तानानं मूठ सोडली. ताईला खुर्चीचा ब्रेक लावायला सांगितला. "उतरेल आत्ता," म्हणाला. मग तो वाट बघत बसला. ताई गोळी पुढं करायची, तो मान हलवायचा. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेत होते, तुमच्या धीराचं कौतुक वाटतं म्हणत होते. त्यानं ओठ दातांखाली धरलेला कुणाला दिसत नव्हता. हॉलमधले दिवे लागले. ओठातून रक्त आलं तेव्हा ताईनं काही न विचारता त्याचं तोंड उघडलं, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी पाजलं. या वेळी त्यानं मान हलवली नाही.

बऱ्याच वेळानं भोंगा वाजला आणि हॉल दणाणून गेला. शेपटाला दोघांनी धरून उतरवलं. कोचनं गळ्यात घातलेला हात झटकून तो खुर्चीकडं निघाला, पण पाय त्याचे राहिलेच नव्हते. शेवटचं अंतर त्यानं रांगत कापलं.

"कप्तान, झालं बघ! उतरलो. बोल आता, काय बोलायचंय ते बोल."

कप्तानानं जड डोळे उघडले. समोर गुडघ्यांवर बसलेल्या, घामानं निथळणाऱ्या माणसाकडं तो जरा वेळ बघत राहिला. मग संकोचानं हसला.

"अहो, जरा बघून सांगता का," तो हळूच म्हणाला, "आमचा शेपूट उतरला का?"