बारशाआधी

"गावाच्या वर्धापनदिनाला यंदा यादी तू वाचणार ना? मग आपल्या घरची तीन नावं घे," भाकरी थापता थापता आई म्हणाली.

"धरणात गाव गेलं तेव्हा या माळावर आलात ते तू आणि अण्णा. तिसरं कोण?"

"तुला ठाऊक आहे, धाकटे."

एकुलत्या एका लेकीला ही धाकटी म्हणते, यावर गाव चाळीस वर्षं हसत आलं होतं. लेकीला मात्र ठाऊक होतं. तिच्याआधीची मुलगी नवव्या दिवशी गेली. जुन्या घराच्या परसात तिला पुरलं, आणि त्याच पावसाळ्यात परसावर धरणाचं पाणी चढलं.

"बारसंसुद्धा झालं नव्हतं, आई. नावच नाही, तर वाचू काय?"

आईनं भाकरी उलटली. "तू शिकलेली. तूच बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही. गावानं वर्धापनदिन तेराव्यापुढं ढकलला. त्या दिवसांत तिला धाकटे म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, तरी घरात आपल्याहून मोठं कुणीतरी वावरतंय असं तिला सारखं वाटे.

माळावर पहिल्यांदा आलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि वारसानं "हजर" म्हणायचं, अशी गावाची रीत. वर्धापनदिनी यादी वाचताना अण्णांच्या नावाला तीच हजर म्हणाली, आईच्याही. मग थांबली.

"पुढचं घर घ्या, बाई," सरपंच म्हणाले.

"आमचं संपलं नाही अजून," ती म्हणाली, आणि जन्मात कधी कुणाला न मारलेली हाक तिनं माइकवर मारली, "ताई."