खिशातलं झाकण

"तेलाच्या बाबतीत माझा हात धरणारा अजून जन्मायचाय, बाबा," मिस्त्री म्हणाला. "नुसता वास घेऊन सांगतो, कुठल्या इंजिनाला कुठलं."

"मग सांगा की, जावईबापू. माझ्या इंजिनात कुठलं घातलंत?"

मिस्त्री आधीच पुसलेलं बॉनेट पुन्हा पुसू लागला.

महिनाभर तो तेलच निवडत होता. इंजिन जुनं, आतल्या रिंगा नव्या. जाड, साधं तेल द्यावं की पातळ, महागडं? पाच डबे आणून त्यानं फळीवर मांडले होते. सकाळी एक पसंत करायचा, संध्याकाळी तोच नापसंत. शेवटी त्यातलं घातलं कुठलं, आणि घातलं कधी, काही केल्या आठवेना.

सासरे पांढऱ्याशुभ्र शर्टात उभे होते, बोटात किल्ली फिरवत. मुलीनं काळ्या नखांच्या माणसाशी लग्न केलं, हे अकरा वर्षं त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं, मग या घरचा चहा कुठून उतरणार? दुसरा कुणी हात लावेना म्हणून गाडी जावयाकडे आली होती. इंजिन चाललं तर आत येऊन चहा घेईन, असा निरोप होता. बायको सकाळपासून कपबशा पुसत होती.

तेलाशिवाय चालू केलं, तर दोन मिनिटांत लोखंड लोखंडाला चावणार. सिलिंडर परत घासून नीट करायला आता आत लोखंडच उरलं नव्हतं. थेट भंगारात. इंजिनही आणि जावईही.

मिस्त्रीचा एक नियम होता. तेल घालेपर्यंत तेलाचं झाकण इंजिनावर लावायचं नाही, शर्टाच्या खिशात ठेवायचं. खिशात झाकण, म्हणजे इंजिन कोरडं. त्यानं खिसा चाचपला. रिकामा! जिवात जीव आला.

मग आठवलं, आज सासऱ्यांसाठी धुतलेला शर्ट घातलाय. कामाचा शर्ट दोरीवर वाळतोय.

त्यानं बॉनेट उघडलं. झाकण जागेवर होतं. परत जिवात जीव आला. त्यानं झाकण काढून नाकाला लावलं. साबणाचा वास.

म्हणजे बायकोनं शर्ट धुताना काढलं आणि नीटनेटकं आणून लावलं! त्यानं फळीकडे पाहिलं. पाचही डबे सीलबंद. पट्टी घालून तेल मोजावं, तर पट्टी तुटलेली. नवी यायची होती, तोवर तिच्या नळीत चिंधी कोंबली होती.

सासऱ्यांचा फोन वाजला. "आलोच. मग मारू चावी," म्हणत ते बाहेर गेले.

हाताला लागला तो डबा मिस्त्रीनं फोडला. नेमका पातळ, महागडा. नव्या रिंगांना हे पाजू नका म्हणून तो गिऱ्हाइकांना तासतासभर सुनवायचा. चारच्या चार लिटर ओतले. वास घ्यायला वेळ नव्हता.

बायको दारात आली. "अहो, काय ओतताय?"

"हळू बोल! झाकण तू लावलंस ना? आत तेलच नव्हतं!"

"नव्हतं कसं? खिशात झाकण म्हणजे इंजिन कोरडं, अकरा वर्षं ऐकतेय मी. आधी तेल घातलं, मग झाकण लावलं. बाबांच्या डिकीत त्यांचा नेहमीचा डबा होता. जाड, साधं. चार लिटर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्या पाच डब्यांपुढे विचारात उभे होतात. म्हटलं, कशाला मध्ये बोला."

इंजिनात मावतं चार. आत होतं आठ.

"बाबा, थांबा!" असं मिस्त्री म्हणणार होता, तोवर सासरे फोन संपवून गाडीपाशी आले होते. त्यांनी खिडकीतून हात घालून चावी मारली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. सासऱ्यांचा चेहरा खुलला. ते पुढे आले आणि इंजिनावर वाकून कान देऊन ऐकू लागले.

"वा, जावईबापू! पोरी, चहा टाक!"

तेवढ्यात पट्टीच्या नळीतली चिंधी उडाली. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी नळी दाबून धरली. मिस्त्रीनं इंजिन बंद करेपर्यंत बरंच तेल बाहेर आलं.

ठरल्याप्रमाणे सासऱ्यांनी आत बसून चहा घेतला. तीनदा साबण लावूनही त्यांची दहाच्या दहा नखं काळीच राहिली.