इलाहीचा आवाज

ओतशाळेत तातोबा चौगुले हातोडीने एकेक ओतीव भाग ठोकून त्याचा नाद ऐकत होता. अभंग भाग घंटेसारखा वाजे. तडा गेलेला बद्द. खांबावरच्या कर्ण्यातून इलाही म्हणाला, "चौगुले, हात जड पडलाय. वहिनींनी जेवायला घातलं न्हाई काय?"

शेजारी ठोकणारा त्याचा जोडीदार इलाही वारल्याला दोन वर्षे झाली होती. गप्पांविना तातोबाचे काम मंदावते, हे कारखान्याने मोजले होते. आणि नव्या सोबत्यापेक्षा इलाहीसारखे बोलणारे यंत्र स्वस्त पडले होते.

"काका, आज कर्णा बंद ठेवतेय," खर्चविभागाच्या नलवडेबाई म्हणाल्या. "काम घटलं नाही, तर कायमचा काढू. तेवढाच खर्च वाचेल."

तातोबाने मान डोलावली. दिवसभर सावकाश ठोकायचे, एवढेच तर करायचे होते.

पण चाळीस वर्षांचा तो हात चुकारपणा शिकलाच नव्हता. कानांना लोखंडाखेरीज काही उरले नव्हते, आणि दोन ठोक्यांमधली शांतता सोसवेना, म्हणून हातोडी लगेच पुढच्या भागाकडे वळत राहिली.

पाळी संपताना नलवडेबाईंनी आकडा पाहिला. "काका, रोजच्यापेक्षा तीस भाग जास्त," त्या कौतुकाने म्हणाल्या, आणि कर्णा उतरवायला त्यांनी शिडी मागवली.